सोनेरी जंतूंचा कट्टा

शनिवार पेठेत राहणाऱ्याला कट्टा समजावून सांगावा लागत नाही. रस्ता सगळ्यांना मोकळा, पण ठरलेली टाळकी ठरलेल्या जागीच जमणार आणि एकट्याला न झेपणारी कामं तिथे होणार.

बारावीनंतर माझा नि बायॉलॉजीचा संबंध सुटला होता. पण यंदा आजीच्या जखमेच्या रिपोर्टवर 'एमआरएसए' आलं, आणि रात्री जागून वाचायला लागलो.

१९७२ च्या सिंगर-निकोलसन मॉडेलप्रमाणे पेशीचं पटल म्हणजे लिपिडचा पातळ, वाहता थर. त्यात प्रोटीन्स तरंगतायत. साध्यासुध्या बॅक्टेरियात तर सगळी सरमिसळच असणार, असं वाटायचं. २०१० मध्ये लोपेझ आणि कोल्टर यांनी दाखवलं की तिथेही ठराविक लिपिड्स आणि प्रोटीन्स कट्टा करतात!

एमआरएसएचा कट्टा त्याच्या सोनेरी रंगद्रव्याशी नातं असलेल्या लिपिड्सचा. फ्लोटिलिन नावाचं प्रोटीन बाकीच्यांना तिथे गोळा करतं. त्यातलंच एक पीबीपी-२ए. पेनिसिलीन जंतूची भिंत बांधणारी प्रोटीन्स बंद पाडतं, पण हा गडी दाद देत नाही, बांधकाम चालूच!

२०१७ साली लोपेझ यांच्या गटाने ते रंगद्रव्य बनणंच रोखलं. कट्टा मोडला, पीबीपी-२एची जुळणी फिसकटली, आणि उंदरांमधल्या एमआरएसएवर पेनिसिलीनच्या गटातलं औषध पुन्हा चाललं.

आजी बरी झाली ती व्हँकोमायसिनवर. हा उपाय अजून प्रयोगशाळेतच आहे. पण आपल्या पिंपरीत १९५५ पासून बनू लागलेलं पेनिसिलीन अगदीच मोडीत निघालेलं नाही तर. समोरच्यांचा कट्टा तेवढा उठवता यायला हवा.

असो. उद्या सोमवार.