डबीतले कार्ड

2023 च्या ऑगस्टमध्ये माझी आपा मुलांना घेऊन इंग्लंडहून माहेरी आली. तिकडच्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. आमच्या कोकणात मात्र धो धो पाऊस आणि भरलेले वर्ग. भाचा अकरा वर्षांचा. दिवसभर पडवीत बसून कंटाळायचा. एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर तो दारातच उभा.

"खाला, आप ये खोल दोगी?"

त्याच्या हातात जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी डबी होती. आत पोकेमॉनचे एक चकचकीत कार्ड. वरच्या पट्टीवर कार्डाचे नाव, साल, एक लांबलचक क्रमांक आणि ठसठशीत आकडा: 9. डबीला झाकण नव्हते, स्क्रू नव्हता, नख जाईल एवढी फटही नव्हती.

हे कार्ड त्याला आठव्या वर्षी एका पाकिटात मिळाले होते. दुलाभाईंनी ते तपासणीला पाठवले आणि परत आले ते असे बंद होऊन. तेव्हापासून ते कपाटात. "माझी बाकीची सगळी कार्डे वहीत आहेत, हे एकटेच आत आहे," असे तो म्हणाला.

कार्डांना गुण देण्याचा हा धंदा मला नवाच होता. अमेरिकेत आधी नाण्यांसाठी तो सुरू झाला आणि 1991 मध्ये पीएसए कंपनीने तो कार्डांसाठी आणला. तपासनीस भिंगाखाली कार्डाचे कोपरे, कडा आणि पृष्ठभाग पाहतो, चित्र बरोबर मध्यावर आहे का ते पाहतो आणि 1 ते 10 मधला आकडा देतो. मग डबीचे दोन भाग ध्वनिलहरींच्या कंपनाने वितळवून एकमेकांना कायमचे जोडतात. आकड्यावर किंमत ठरते. 9 आणि 10 यांत डोळ्यांना फरक दिसत नाही, पण बाजारात तो कितीतरी पटींचा असू शकतो. डबी फोडली की तो आकडा गेला. कार्ड पुन्हा पाठवावे लागते, आणि तेच कार्ड दुसऱ्या खेपेला वर चढते किंवा खालीही येते. काही लोक तर त्याच आशेने डब्या फोडतात.

मी दुलाभाईंना फोन लावला. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "कार्ड त्याचे आहे. पण हातोडी मारू नका. विस्तव तर मुळीच नको."

कृती त्यांनीच सांगितली. अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांची हत्यारांची पेटी अजून माळ्यावर आहे. त्यातून कटर आणि चपट्या तोंडाचा पेचकस काढला. ओटीवर वर्तमानपत्र अंथरले, कारण प्लॅस्टिकच्या कपच्या उडतात. मी चष्मा लावला, भाच्याला दोन हात लांब बसवले. सुरुवात पट्टीच्या बाजूने करायची. तिथे कार्ड नसते. वरचे दोन्ही कोपरे कटरने थोडे थोडे तोडले. तिथे फट पडली. फटीत पेचकसाचे टोक जेमतेम घालून मनगट हलकेच फिरवले. कट् असा आवाज झाला आणि कडेचा सांधा बोटभर उकलला. पेचकस कार्डाकडे सरकू द्यायचा नाही, हीच सगळी मेख. पुन्हा पुढे, पुन्हा कट्. तिसऱ्या बाजूला आल्यावर दोन्ही भाग हातांनी अलग झाले.

भाच्याने कार्ड कडेला धरून उचलले. तिरपे करून दिव्याखाली पाहिले. मग नाकाजवळ नेऊन वास घेतला. आकडा असलेल्या पट्टीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

सकाळी मात्र रडकुंडीला आला. कार्ड धनुष्यासारखे किंचित वाकले होते. चकाकीचा थर आणि कागद ओल सारखी पीत नाहीत, आणि ऑगस्टमधली आमची हवा म्हणजे निम्मे पाणीच. "दाबून ठेवू या," असे म्हणून मी ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवले आणि हाताला लागलेल्या जाड वहीत ठेवले. ती माझी वर्णनात्मक नोंदींची वही होती.

2010 पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांऐवजी अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेणी, आणि प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाची नोंद. हेतू चांगला होता: मुलाला आकड्यात कोंबू नये. पण आम्ही शिक्षक नोंदीचीही डबी करतो.

दोन दिवसांनी कार्ड काढायला वही उघडली, तर ते ज्या पानावर होते तिथे माझ्या वर्गातल्या एका मुलाचे नाव होते. दुसरीपासून तो माझ्याकडे आहे, आता चौथीत. नोंद माझ्याच हस्ताक्षरात, उर्दूत: पढ़ने में अटकता है, मश्क़ की ज़रूरत. मागचे पान उलटले. तिसरीतही तेच. त्यामागे दुसरीतही तेच. शब्दसुद्धा बदललेला नव्हता. म्हणजे दोन वर्षे मी त्या मुलाकडे पाहून लिहीत नव्हते, वहीकडे पाहून लिहीत होते.

त्याच आठवड्यात मी एका जुन्या कार्डाविषयी वाचले. होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉल खेळाडूचे ते कार्ड 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून मिणाऱ्या मालिकेतले. 1991 मध्ये ते 4 लाख 51 हजार डॉलरला विकले गेले, त्याला 8 गुण मिळाले, आणि 2007 मध्ये किंमत 28 लाखांवर गेली. 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केले की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला आकडा द्यायचाच नाही, असा नियम असताना ते वीस वर्षांहून अधिक काळ 8 म्हणून मिरवत होते. डबी बंद झाल्यावर आत कोण पाहतो?

आपल्याला तर हे अनुभवाने ठाऊक असायला हवे. "उर्दू मीडियम का?" असे विचारून समोरचा आपला आकडा ठरवून टाकतो, तेव्हा किती झोंबते! मी स्वतः बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी ते सोसले आहे. आणि मीच एका आठ वर्षांच्या पोराला असे बंद करून ठेवले होते.

सोमवारी त्याला मधल्या सुट्टीत जवळ बसवले. नवा उतारा दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितले. तो अडखळला. खोटे का सांगू, आधीइतकाच अडखळला. मग दुसरा उतारा मनात वाचायला सांगितला आणि पाच प्रश्न विचारले. चारांची उत्तरे बरोबर आली. पाचव्याला त्यानेच मला उलट प्रश्न केला. त्याला वाचता येत होते. चाळीस जणांसमोर आवाज फुटत नव्हता. ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर इलाजही वेगळा. दोन वर्षे मी त्याला तोच तो मोठ्याने वाचण्याचा सराव देत होते.

भाचा परत गेला, तेव्हा कार्ड बरेचसे सरळ झाले होते, अगदी सरळ नाही. ते त्याने वहीत बाकीच्या कार्डांशेजारी लावले. विमानतळावरून आपाचा फोन आला की पोरगा वाटभर ते काढून काढून सगळ्यांना दाखवतो आहे.

त्या मुलाची नोंद मी नव्याने लिहिली: मनात वाचलेले नीट समजते, मोठ्याने वाचायची भीती वाटते. खाली तारीख घातली, 21 ऑगस्ट. तेव्हापासून प्रत्येक नोंदीखाली तारीख घालते, आणि पुढची लिहिताना मागचे पान उलटत नाही.