उजनीच्या पाण्यावर लांब भिंगाचा कॅमेरा

पुणे-सोलापूर रस्त्याने पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण आहे. १९८० साली भीमा नदीवर पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी इथवर पसरले आहे. या पाण्याखाली अनेकांची घरे आणि शेते गेली. आज त्याच पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस तर हिमालय ओलांडून येतात. जवळच्या कुंभारगावात मासेमारी करणाऱ्या घरांतील तरुण आता नाव चालवतात आणि पक्ष्यांची ओळखही करून देतात.

आपल्या वस्त्यांतील काही मुलेमुलीही कॅमेरा घेऊन इथे येऊ लागली आहेत. त्यांची तक्रार एकच : फोटो पुसट येतो, महागडे भिंग आपल्याला कोठून परवडणार? पण बंधुभगिनींनो, फोटोचा रेखीवपणा आधी स्थिरतेत असतो, किंमत त्यानंतर येते. दोघा-तिघांनी मिळून जुने भिंग घ्यावे किंवा दिवसापुरते भाड्याने आणावे. बाकीचे काम शिकून साधते.

लांब भिंग पक्षी मोठा करते, तशी हाताची थरथरही मोठी करते. म्हणून ४०० मिलिमीटरच्या भिंगाला शटरचा वेग निदान सेकंदाचा ४०० वा भाग हवा. नाव हलत असेल तर १००० वा आणि उडत्या पक्ष्यासाठी २००० वा धरावा. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल. फोटो थोडा दाणेदार झाला तर बिघडत नाही. हललेला मात्र दुरुस्त होत नाही. नावेत तिकाटणे कामाचे नाही, कारण नावेचा हादरा त्यातून थेट कॅमेऱ्यात जातो. कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि डावा हात भिंगाखाली धरावा. काठावर बसल्यास घरी शिवलेली तांदळाची पिशवी दगडावर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे. नेम पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा आणि श्वास सोडता सोडता बटण अलगद दाबावे. विहारात आनापान करणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

सकाळी लवकर पाण्यावर जावे. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग लाखाचे भिंगही हतबल होते. अंतर कमी असेल तर हवेचा हा अडथळाही कमी होतो. पण जवळ जायचे कसे, हाच खरा प्रश्न आहे.

काही हौशी मंडळी नावाड्याला थव्यात नाव घालायला लावतात. सारे पक्षी एकदम उडाले की फोटो झकास येतो! परंतु ते पक्षी इथे खाऊन-पिऊन परतीच्या प्रवासाचे बळ साठवायला आलेले असतात. प्रत्येक वेळी उडवले की ते बळ फुकट जाते. नावाड्याला दोन पैसे जास्त द्यावेत, पण ते नाव थांबवण्यासाठी द्यावेत. यंत्र बंद करून गप्प बसावे. मग पक्षीच चरत चरत जवळ येतात.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात देवदत्ताने बाण मारलेल्या पक्ष्याची कथा आहे. पक्षी मारणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा, असा तेथे निवाडा झाला. कॅमेरा हाती घेणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाने हा निवाडा लक्षात ठेवावा. पक्षी आपल्या जागी निवांत राहिला, तरच तो फोटो आपला.

जयभीम!