चिलटं, गर्दी आणि वारं

होस्टेलवर रात्री साडेअकरानंतर ठरलेले बेत सकाळच्या चहाबरोबर विरघळतात, हा आपल्याकडचा पहिला नियम. गोवा, हरिश्चंद्रगड, केदारनाथ... गेल्या तीन वर्षांत आमच्या विंगमध्ये असे किती बेत झाले आणि किती वाहून गेले, याचा हिशोब ठेवला असता तर सबमिशनची एक फाईल सहज भरली असती! पण यंदा एक बेत तडीस गेला. तो का गेला, हे सांगण्यासारखं आहे. कारण पुढच्या वर्षी हाच बेत तुमच्यापैकी कुणीतरी करणार, याची मला खात्री आहे.

सुरुवात माझ्या रूम पार्टनरने केली. त्याने कॅनडातल्या तळ्यांवरचा एक व्हिडिओ पाहिला. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळलं, की चावऱ्या काळ्या माश्या निघायच्या आत आणि सुट्टीची गर्दी उसळायच्या आत जे दोन-तीन आठवडे मोकळे मिळतात, तेवढ्यात ही मंडळी कनू घेऊन रानात शिरतात. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद, वल्ह्याने मारायची होडी. ना किडे, ना माणसं, नुसतं पाणी!

"आपण पण करायचं," पार्टनर म्हणाला.

"बर्फ कुठून आणणार?"

"बर्फ राहू दे रे. पाणी तर आहे ना!"

पाणी आहे, हे खरं. बारामतीहून पंचवीस-तीस किलोमीटरवर भिगवण, आणि भिगवणच्या पुढे कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी या गावांच्या काठाला उजनीचं बॅकवॉटर. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत तिकडे सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवटा इकडे आमच्या इंदापूर तालुक्यात. 'आमच्या' म्हणतो, कारण मी त्याच तालुक्यातला. पार्टनरला जे रान वाटत होतं, तिथे आमच्या आधीच्या पिढीची शेतं होती. जुनं भिगवण त्या पाण्याखाली आहे. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिरही पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं आणि लोक बघायला येतात. माझी आजी अजून पाण्याकडे बोट करून सांगते, "तिथं आपली हीर व्हती." तेव्हा हे निर्मनुष्य रान वगैरे नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. पण भर पाण्यात होडीतून पहाट बघायची, हे मलाही आवडलंच.

मग बेत सुरू झाला. टाळायच्या गोष्टी दोन : किडे आणि गर्दी.

आधी किडे. उजनीच्या काठाला संध्याकाळी उभं राहिलात तर डोक्यावर धुरासारखे थवे दिसतात. ती चिलटं. डासांसारखी दिसतात, पण चावत नाहीत. मात्र दिवा लावला की भातात, चहात आणि बोलायला तोंड उघडलं तर तोंडातसुद्धा! त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात वाढतात. त्यातल्या बऱ्याच लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्या घाण पाण्यातही त्या तग धरतात. आणि उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येतं, हे काही गुपित नाही. काठावर तंबू ठोकून मुक्काम करायची कल्पना इथेच बाद झाली. (रेक्टर सरांनी ती तशीही बाद केलीच असती.) चिलटांचे थवे संध्याकाळी जोरात असतात, म्हणून पहाटे जायचं आणि उन्हं तापायच्या आत परतायचं.

मजा अशी की ज्या चिलटांना आम्ही शिव्या देत होतो, त्यांच्याच अळ्यांवर तिथले कितीतरी पक्षी पोसतात. थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पाण्यात घालून असलंच बारीकसारीक गाळून खातं. शेकाट्या, तुतवार हे चिखलातले पक्षी त्याच्यासाठीच काठाला असतात. किडे नकोत आणि पक्षी हवेत, असं उजनीवर जमत नाही!

आता गर्दी. मी ओळखीच्या एका नाववाल्या काकांना फोन लावला. ते मूळचे मच्छीमार. वर्षभर चिलापी धरतात आणि हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांना फिरवतात.

"काका, आम्हाला गर्दी नसताना यायचंय."

"मंग आयतवारी येऊ नगा. पुन्यावरनं गाड्याच गाड्या असत्यात." मग थोडं थांबून हसले. "तुमास्नी गर्दी नगं, पर आमास्नी पायजे, बाळा. चार म्हयनं त्याच्यावरच निघत्यात."

मी गप्प बसलो. ज्या रविवारला आम्ही नाकं मुरडत होतो, त्या रविवारावर कुणाच्या तरी घरचं राशन चालतं. म्हणून आम्ही ठरवलं : मधल्या वारी जायचं, पण भाडं रविवारचंच द्यायचं, घासाघीस करायची नाही.

राहिला प्रश्न महिन्याचा. इथे विंगमध्ये चांगलंच वाजलं. बहुमत मे महिन्याला होतं. परीक्षा संपलेली, डोक्याला ताप नाही, सगळे मोकळे. मी एकटा विरोधात. मी म्हणालो, "मेमध्ये मी येणार नाही, आणि माझ्या ओळखीने नावही ठरवून देणार नाही."

कारण सांगतो. २१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे एक प्रवासी होडी निघाली होती. रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक असेच जातात-येतात. मध्येच वादळी वारं सुटलं आणि होडी उलटली. होडीत सात जण होते. एक पोहून काठाला लागला. बाकीचे सहा, त्यात दोन लहान मुलं, गेले. त्यांचे मृतदेह २३ तारखेला हाती लागले. ते दोन दिवस आमच्या तालुक्यात कुणी दुसरं काही बोलत नव्हतं. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये याच उजनीत सहलीला गेलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चार जण बुडाले होते. दोन्ही वेळा उन्हाळाच.

उन्हाळाच का? दिवसभर जमीन तापते, वर ढग चढतात आणि दुपारनंतर वळीव येतो. त्या ढगातून थंड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चारी दिशांना पसरते. म्हणून पावसाच्या आधी वारं येतं. अंगावर पहिला थेंब पडायची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो. उघड्या, रुंद पाण्यावर त्या वाऱ्याला अडवायला काही नाही, लाटा वाढतच जातात. काठावरून जे तळं वाटतं, ते मध्यावर गेल्यावर तळं राहत नाही.

हे ऐकून मेकॅनिकलवाल्या मित्राने दुसरंच काढलं. वर्कशॉपमधले निळे ड्रम कापून, बांबू बांधून आपणच कनू करू! व्हिडिओसारखी अरुंद, सडपातळ. तेव्हा सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स पहिल्यांदाच कामाला आलं. तरंगणारी वस्तू कलली की परत सरळ होते का, हे मेटासेंटरवर ठरतं. उत्प्लावन केंद्रापासून त्याची उंची म्हणजे आय भागिले व्ही, आणि त्या आयमध्ये रुंदीचा घन असतो. तळावरच्या सपाट बुडाच्या नावेची रुंदी दीड मीटर धरली आणि आमच्या कनूची नव्वद सेंटिमीटर, तर लांबी आणि वजन तेच ठेवूनही ही उंची साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. त्यात कुणी फोटोसाठी उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो. तो मेटासेंटरच्या वर गेला, की पेपरात 'अस्थिर समतोल' असं लिहून दोन मार्क मिळतात. पाण्यात काय मिळतं ते वर लिहिलंच आहे. कनू रद्द!

मग महिने मोजले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरण भरलेलं असतं, चिखलाचे काठ बुडालेले, पक्षी विखुरलेले. डिसेंबर-जानेवारीत पक्षी भरपूर, पण सुट्ट्या आणि रविवारची झुंबड. शेतीला आणि सोलापूरला पाणी सुटत जातं तसं पाणी उतरतं, उथळ दलदल उघडी पडते आणि रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, तिथे जमतात. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं आत जातं की काठापासून नावेपर्यंत चिखलच चिखल. उजनीचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी, त्यामुळे उन्हाळ्यात इथे टक्केवारी 'उणे' बोलतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली होती. म्हणजे सगळ्या बाजूंनी उरला तो फेब्रुवारीचा शेवट. होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात. आम्हाला होळीच्या आधीचं पाणी गाठायचं होतं. तिकडे बर्फ आणि माश्या यांच्या मधले आठवडे, इकडे धुकं आणि वळीव यांच्या मधले!

वार बुधवार ठरला, कारण त्या दिवशी प्रॅक्टिकल दुपारी होतं. (सर, कुणीही लेक्चर बुडवलं नाही, हजेरीपट तपासावा!) रेक्टर सरांकडे अर्ज नेला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि एकच विचारलं, "पोहता किती जणांना येतं?"

सात जणांपैकी तिघांना.

"मग सातही जणांना लाइफ जॅकेट. ज्यांना पोहता येतं त्यांनाही. नाववाल्याला विचारा आणि मग सही घ्यायला या."

काकांना पुन्हा फोन केला. जॅकेट होती. दोन नावा करायच्या, एकीत चार आणि एकीत तीन, असंही त्यांनीच सांगितलं. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते, की सात-आठ किलोची उचल मिळाली तरी तोंड पाण्याच्या वर राहतं. एवढंसं काम, पण जॅकेट अंगात असेल तरच. नावेत पायाशी पडलेलं जॅकेट काही उचलत नाही.

पहाटे पाचला निघालो. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही, त्यामुळे गाड्या चाळीसच्या वर नेल्या नाहीत. साडेसहाला नावेत. पाणी आरशासारखं. काकांनी थोड्या वेळाने इंजिन बंद केलं आणि लांब बांबू तळाला टेकवत नाव ढकलू लागले. चक्रवाकांची जोडी ओरडत गेली. पट्टकदंब हंस काठाला चरत होते. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे, आणि आमच्या हरभऱ्याच्या रानात! चित्रबलाक, चमचे, नदी सुरय... आमच्यातल्या कुणालाच सगळी नावं येत नव्हती, काकांना येत होती. मराठी, इंग्रजी, दोन्ही.

फ्लेमिंगो लांब होते. गुलाबी रेघेसारखे. "काका, अजून थोडं जवळ," पार्टनर म्हणाला. काका म्हणाले, "लई जवळ गेलो तर उडत्याल. त्यास्नी खाऊ द्या." तरी नाव हळूहळू सरकत होती. सव्वाआठला पाण्यावर बारीक सुरकुती उठली. आम्हाला ती दिसलीसुद्धा नाही. काकांनी मान वळवून वर पाहिलं, बांबू आत घेतला आणि नाव फिरवली.

"काका, एवढ्या लांब आलो, दोनशे मीटर तर राहिलंय!"

"वारं उठतंय."

"एवढं?"

"एवढंच असतंय आदी."

पुढे कुणी काही बोललं नाही. काठाला लागलो तेव्हा पाण्यावर छोट्या लाटा होत्या, घाबरण्यासारखं काही नव्हतं. तसं असायलाच नको होतं, म्हणून तर ते परतले. पार्टनरचा फोटो आला नाही. अकराला होस्टेलवर, बाराला प्रॅक्टिकलला हजर.

तर मित्रांनो, आम्ही किडे आणि गर्दी टाळायला निघालो होतो. पण चिलटं चावत नाहीत आणि गर्दी कुणाचं तरी पोट भरते. टाळायचं ते वारं. आणि ते कधी येणार, हे आपल्या अॅकॅडमिक कॅलेंडरवर छापलेलं नसतं. पुढच्या बॅचसाठी म्हणून लिहून ठेवतो : फेब्रुवारी, मधला वार, सकाळी नऊच्या आत काठाला. जॅकेट अंगात, बसायच्या फळीवर नाही. नावेत उभं राहायचं नाही. आणि नाववाला म्हणाला 'परत', की परत.

काकांचा नंबर रूमवर येऊन घेऊन जा. बदल्यात एक कटिंग. मात्र मे महिन्याचा बेत घेऊन येणार असाल, तर चहा पाजूनही नंबर मिळणार नाही!