अकरा मसाले आणि एक गुपित

"आई, वाढदिवसाला ती बादली आणायची ना?"

लेकीने विचारलं आणि पोळी लाटणारा माझा हात थांबला. केंटकी फ्राइड चिकनची लाल-पांढरी बादली हा आमच्या घरचा वाढदिवसाचा नेम. यंदा तिला दहावं वर्ष पूर्ण होणार होतं. चार मैत्रिणी यायच्या होत्या. एरवी मी "हो गं" म्हणून मोकळी झाले असते. पण दोन महिन्यांपूर्वी ह्यांची नोकरी गेली होती. लेकीला आम्ही एवढंच सांगितलं होतं, "बाबा आता घरूनच काम करतात."

"आणू या की," मी म्हटलं. त्याच रात्री ठरवलं, चिकन घरीच करायचं आणि गेल्या वर्षीच्या रिकाम्या बादलीत भरून मुलींपुढे ठेवायचं. सासूबाई त्या बादलीत कपड्यांचे चिमटे ठेवत. चिमटे काढले, बादली पुसून ठेवली. आता प्रश्न फक्त चवीचा होता.

आम्ही राहतो बंगळुरात. या दुकानाची भारतातली पहिली शाखा १९९५ साली इथल्याच ब्रिगेड रोडवर उघडली. मूळ चव मात्र अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली. कॉर्बिन नावाच्या गावात हारलँड सँडर्स १९३० पासून पेट्रोल पंप चालवत आणि वाटसरूंना जेवू घालत. हेच पुढे 'कर्नल' म्हणून जगाला माहीत झाले. अकरा मसाल्यांचं मिश्रण त्यांनी १९४० मध्ये पक्कं केलं. त्याची कृती आजही कंपनीने कडेकोट तिजोरीत ठेवली आहे. कुणा एकाला सगळी कृती कळू नये म्हणून मिश्रणाचे दोन भाग वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात.

पण २०१६ साली गंमत झाली. कर्नलच्या दुसऱ्या पत्नी क्लॉडिया यांच्या भाच्याने शिकागोच्या एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला घरातलं जुनं चिकटवहीचं पुस्तक दाखवलं. त्यात हाताने लिहिलेली अकरा मसाल्यांची यादी निघाली! कंपनीने ती खरी असल्याचं मान्य केलं नाही. वृत्तपत्राने मात्र ती करून पाहिली. वरून चिमूटभर अजिनोमोटो घातल्यावर चव अगदी जवळ गेली, असं त्यांनी छापलं.

ती यादी मी वहीत उतरवली. २ कप मैद्याला ४ टेबलस्पून पॅप्रिका, ३ पांढरी मिरी, २ लसूण-मीठ. काळी मिरी, मोहरीची पूड, सुंठ आणि सेलरी-मीठ प्रत्येकी १. थाइम आणि बेसिल अर्धा-अर्धा, ओरेगॅनो एक तृतीयांश आणि साधं मीठ दोन तृतीयांश. मोजून पाहा, बरोबर अकरा!

"यातलं निम्मं तर आपल्या डब्यातच आहे," सासूबाई म्हणाल्या. खरंच होतं. पॅप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीची पूड घेतली, पण ती जास्त तिखट म्हणून मापाने निम्मी. ओरेगॅनोच्या पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या खणात पडून होत्या. बेसिल म्हणजे ज्याच्या बिया आपण फालुद्यात घालतो तो सब्जा. शेजारच्या काकूंच्या गॅलरीतली त्याची पानं आणून सावलीत वाळवली. सेलरी-मीठ नेटाने शोधून आणलं. पांढऱ्या मिरीचा भाव ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, वेल तोच ना? नुसती साल काढलेली मिरी!"

उरलं थाइम. त्याची बाटली हातात घेतली आणि किंमत पाहून परत ठेवली. सासूबाईंनी त्याऐवजी ओवा भरडून दिला. आश्चर्य म्हणजे हा बदल अगदीच अडाणी नव्हता. थाइम आणि ओवा या दोहोंच्या वासात थायमॉल हाच मुख्य घटक असतो.

कर्नल चिकन तळत ते दाबाखाली, तेही १९३९ पासून. त्यामुळे ते झटपट शिजून आतून रसदार राहतं. तुम्ही मात्र घरच्या कुकरमध्ये तेल तापवून हा प्रयोग चुकूनही करू नका, जिवावर बेतेल. मी साधी लोखंडी कढई घेतली. खाटकाला सांगून कातडीसकट तुकडे आणले, रात्रभर मिठाच्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी निथळून, कोरडे करून ते अंडं-दुधात बुडवले, मसाल्याच्या मैद्यात घोळवले आणि पंधरा मिनिटं तसेच ठेवले. या थांबण्याने पीठ तेलात सुटत नाही. मग मध्यम आचेवर, एका वेळी तीन-चारच तुकडे, हाडाजवळचा रस स्वच्छ दिसेपर्यंत तळले. साधारण पंधरा मिनिटं लागली.

बादली भरली. दारावरची घंटा ह्यांनीच बाहेर जाऊन वाजवली आणि पिशवी घेऊन आत आले. मुली टाळ्या वाजवत बसल्या, फडशा पाडला आणि खूश होऊन गेल्या. आमचं नाटक जमलं, असं मला वाटलं.

रात्री लेक ओट्याशी आली. "आई, त्यात ओवा होता ना?"

मी गप्प राहिले.

"आणि बादलीच्या तळाशी चिमट्यांचे ओरखडे होते." ती हसली नाही. "बाबांची नोकरी गेलीय हे मला ठाऊक आहे. व्हॅन बंद केलीत तेव्हाच कळलं. मी मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, मला आता ती बादली आवडत नाही म्हणून. तू नाही म्हटलंस तर वाईट दिसू नये ना."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिला त्रास होऊ नये म्हणून आम्ही लपवत होतो. आम्हाला त्रास होऊ नये म्हणून ती लपवत होती. दोन महिने एवढंसं पोर हे एकटीने वागवत होतं.

हे दारात उभे होते. आत येऊन तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "होय, गेलीय नोकरी. शोधतोय. मिळेपर्यंत जरा काटकसर करायची. तुला आधीच सांगायला हवं होतं."

मसाल्यांच्या मागे लागले असताना वाचलेली एक गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. ती त्या रात्री सांगितली. नवा महामार्ग कॉर्बिनला वळसा घालून जाणार असं ठरलं आणि कर्नलचा चालता धंदा बसला. १९५६ मध्ये त्यांना सगळं विकावं लागलं. वय पासष्टच्या पुढे, हाती महिन्याचे १०५ डॉलर निवृत्तिवेतन. कुकर आणि मसाला गाडीत टाकून ते गावोगावच्या खानावळींत गेले आणि स्वतः चिकन तळून दाखवू लागले. मसाल्याची मिश्रणं घरी बांधून पाठवायला क्लॉडिया होत्या. धंदा बुडाला हे त्यांनी घरात लपवलं नव्हतं, म्हणून तर घर मदतीला उभं राहिलं.

"पण मसाला तर लपवला!" लेक म्हणाली.

"तो दुकानाचा होता," ह्यांनी उत्तर दिलं.

ह्यांना अजून मनासारखी नोकरी मिळालेली नाही, दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. लेक शाळेत माझ्याबरोबर चालत जाते. वाण्याची यादी आता तीच लिहिते आणि हिशेबही विचारते. बादलीत पुन्हा चिमटे आहेत. परवा तिने आमच्या वहीतलं थाइम खोडून त्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ओवा. आजीचा.'