माळावरच्या कबरी

रविवारी आमच्या मोहल्ल्यात फजरनंतर पुन्हा न झोपणारे फार थोडे. काही जण मटणाच्या दुकानापुढे नंबर लावतात. मी पाण्याची बाटली, अम्मीने बांधून दिलेले पराठे आणि एक काठी घेऊन घराबाहेर पडतो. कामठीहून नागपूर ओलांडायचे, काटोल रस्त्याला लागायचे आणि डांबर सोडून माळावर उतरायचे. उर्दू शाळेतला बी.एड. झालेला मास्तर ट्यूशन घ्यायच्या सोडून रानोमाळ दगड पाहत हिंडतो, याचे लोकांना नवल वाटते. "मास्टर, खजाना मिला क्या?" हा चौकातला ठरलेला प्रश्न.

खजिना नाही, कबरी मिळतात. आपल्या नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमोहारी अशा कितीतरी ठिकाणी काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. अभ्यासक त्यांना महापाषाणयुगीन शिळावर्तुळे म्हणतात. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या लोकांनी आपली माणसे त्यांत पुरली. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळे नोंदली गेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिले. तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडच्या दगडांवरही तसे खळगे आहेत, हे साम्य पाहून तो चकित झाला होता.

हे सगळे मी पुस्तकात नंतर वाचले. आधी पाय गेले. पावसाळ्यात त्या माळावर गवत कमरेएवढे वाढते, वर्तुळ पायाखाली आले तरी दिसत नाही. दिवाळीनंतर गवत वाळते, बसते, आणि दगड हळूहळू डोके वर काढतात. उन्हे तिरपी असली की त्यांच्या सावल्यांवरून गोल चटकन ओळखता येतो. होळीच्या सुमाराला आजूबाजूच्या रानात पळस पेटलेला असतो. मग मात्र दहानंतर तिथे उभे राहवत नाही, दगड तव्यासारखे तापतात.

एकदा एका गुराख्याने मला हटकले. "काय पाहून राहिले भाऊ?"

"हे दगड."

"गवळी राजाच्या काळचे हायेत ते. माह्या आजा सांगे. रातच्याला इथं नाही थांबाव."

तो बिडी ओढत माझ्याबरोबर बराच वेळ चालला. कोणत्या शेतात किती गोल होते आणि त्यांतले किती बांधाला लागले, हे त्याने बोटावर मोजून सांगितले. इतकी बारीक माहिती मला कोणत्याच पुस्तकात सापडली नव्हती.

नागपूर विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६०-७०च्या दशकांत इथल्या अनेक स्थळांचे उत्खनन केले. वर्तुळांच्या आत माणसांची हाडे निघाली. काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर आणि छिन्न्या, तांब्याच्या घंटा निघाल्या. माहुरझरीला घोड्याचे अवशेष आणि घोड्याला घालायचे तांब्याचे दागिनेही मिळाले. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, इसवी सनापूर्वी सुमारे ७०० वर्षांची. माहुरझरी मण्यांसाठी प्रसिद्ध होती. आपल्याकडे अंगठीत अकीक घालतात ना, त्याच जातीच्या खड्यांचे मणी तिथले कारागीर घडवत आणि त्यांना भोक पाडत.

माझे अब्बा हातमागावर बसत. घरात सांगतात की १८५७ नंतरच्या धामधुमीत आमचे पणजोबा उत्तरेकडून पायी इकडे आले. त्यामुळे भट्टीजवळ राबणारा तो लोहार आणि मणी घासणारा तो कारागीर मला परके वाटत नाहीत. राजांच्या इतिहासात त्यांचे नाव नाही, तसे मागावरच्या माणसाचेही नाही.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मात्र मला थांबवून विचारले, "बेटा, गैरों की कब्रों पर क्या करने जाते हो?" त्यांचा स्वर रागाचा नव्हता, काळजीचा होता. मी म्हणालो, "चाचा, जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआनच सांगते ना?" हदीसमधला तो प्रसंगही मी त्यांना आठवून दिला. एका यहुद्याचा जनाजा जवळून गेला तेव्हा पैगंबर (स.) उठून उभे राहिले होते, आणि सोबत्यांनी तो यहुदी असल्याचे सांगितल्यावर त्यांनी विचारले होते की तो जीव नव्हता काय. चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जाओ, लेकिन साँप-बिच्छू देख के."

वर्गातले प्रश्न याहून अवघड असतात. हडप्पा आणि मोहेंजोदडो माझ्या मुलांना तोंडपाठ आहेत, पण घरापासून तासाभराच्या वाटेवर काय आहे हे त्यांच्या कानावर आलेले नसते. मी फळ्यावर वर्तुळ काढून सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, दफन करते थे, तो अपने थे ना?" दुसरा लगेच म्हणाला, "अपने कैसे? कब्र में घोड़ा रखते थे, बर्तन रखते थे." वर्गात दोन तट पडले.

मुले हसत होती, पण मला हसू येईना. "तुम्ही इथले कधीपासून?" हा प्रश्न आमच्या मुलांना आज ना उद्या कोणीतरी विचारतोच. कधी थट्टेत, कधी बसमध्ये, कधी दमात घेऊन. म्हणून त्या मुलाला तीन हजार वर्षे जुना एक नातेवाईक हवा होता. तो मी त्याला देऊ शकत नव्हतो, कारण ते खरे नाही. इस्लाम त्यानंतर हजार-दीड हजार वर्षांनी आला. मी एवढेच म्हणालो, "ते ना आपले, ना दुसऱ्या कोणाचे. त्यांची भाषा, त्यांचा देव, त्यांचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्यावर हक्क कोणीच सांगू नये. त्यांना सांभाळायचे मात्र सगळ्यांनी." मुलाचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. तो खाली बसला आणि त्याने वहीत वर्तुळ काढले.

त्याच वर्षी अब्बा गेले. आमचे कब्रस्तान जुने आणि दाटीचे आहे. काही वर्षांनी जुन्या जागी नवी कबर निघते, हे सगळ्यांना माहीत असते. भाईजानचे म्हणणे होते की चारी बाजूंनी फरशी बसवून घेऊ, नाहीतर आपल्या मुलांना दादांची जागा दाखवता येणार नाही. अब्बा हयातीत सांगून गेले होते की कबर कच्ची ठेवा. घरात दोन महिने हा विषय धुमसत राहिला. मला दोन्ही बाजू पटत होत्या. माळावर मी पाहिले होते की दगड राहतो आणि नाव जाते. पण हेही पाहिले होते की दगड ठेवणाऱ्यांची माया तीन हजार वर्षांनंतरही कळते. इतके मोठे धोंडे लोटत आणणे हे रडल्याशिवाय झाले नसेल. शेवटी अम्मीच म्हणाली, "मिट्टी दी है, मिट्टी ही रहने दो." कबर कच्चीच राहिली. शब-ए-बरातला आम्ही कडुनिंबापासून पावले मोजून ती ओळखतो. भाईजान अजून थोडा नाराज आहे.

जुनापाणीची वर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहेत. पण प्रत्येक माळाच्या नशिबी फलक नसतो. कुठे मुरूम उपसतात, कुठे लेआउट पडतात, कुठे नांगराला अडतो म्हणून दगड बाजूला सारतात. शेतकऱ्याला बोल लावून उपयोग नाही, त्याला त्या दगडाची किंमत कोणी सांगितलेलीच नसते. ज्याला कब्रस्तानाची जागा अपुरी पडण्याचे दुःख माहीत आहे, त्याला तरी हे कळावे असे मला वाटते.

मागच्या हिवाळ्यात पालकांची परवानगी घेऊन मी वीस मुलांना तिकडे नेले. नियम तीनच केले होते: दगडावर चढायचे नाही, काही उचलायचे नाही, नाव कोरायचे नाही. प्रत्येकाने एक वर्तुळ निवडून त्याचे दगड मोजायचे आणि पावलांनी व्यास मापायचा. एका मुलीला मातीत खापराचा तुकडा दिसला, एका बाजूने काळा, दुसरीकडून तांबडा. तिने मला बोलावले, सगळ्यांना दाखवला आणि जिथे होता तिथेच राहू दिला. परतताना वह्या तपासल्या. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, वीस वर्तुळांची नोंद झाली होती. यंदाही नेणार आहे. गवत वाळले की तुम्हीही मुलांना घेऊन या, पण पायात बूट असू द्या आणि पाणी भरपूर घ्या.