ठिणगीचा पत्ता

मोटारसायकलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटवणारी ठिणगी प्लगच्या टोकाशी उडते, पण तिला लागणारा विद्युतदाब इग्निशन कॉइल या मुठीत मावणाऱ्या भागात तयार होतो. या कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे आणि अत्यंत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला प्रवाह एकाएकी तोडला की गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलेल्या नियमानुसार बारीक तारेत, बॅटरी बारा व्होल्टची असली तरी, पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब क्षणभर उभा राहतो. एवढा दाब वेढ्यावेढ्यांमध्ये अडवून धरते ते फक्त तारेवरचे लाखेसारखे आवरण आणि भोवती ओतलेला राळेचा थर, ज्याला इन्सुलेशन म्हणतात. ते कुठे कमी पडले तर ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता आतल्या आत वाट काढते, आणि गाडी, मेस्त्रींच्या भाषेत, मिसिंग करू लागते.

मुंबईच्या भांडुपसारख्या उपनगरात वाढलेल्या, आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या पिढीच्या आयुष्यात हा भाग तीन वेगवेगळ्या रूपांनी आला. लाल बहादूर शास्त्री मार्गालगत टायर, रंग आणि सुट्या यांत्रिक भागांचे कारखाने पाळ्यांमध्ये चालत होते तेव्हा कामगार वडिलांच्या बुलेटमध्ये कॉइलचा प्रवाह तोडण्याचे काम 'पॉइंट' नावाची धातूची चिमुकली जोडी करी, आणि पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासणे, कंडेन्सर बदलून पाहणे, प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून किक मारणे आणि निळी ठिणगी दिसते का ते बघणे हा घरातल्या मुलांच्याही शिक्षणाचा भाग असे. गाडीतला दोष तेव्हा मालकाच्या हाताला सापडत होता. पुढे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, पॉइंट गेले आणि कॉइल राळेत बंद झालेली, न उघडणारी वस्तू झाली. तिसरे रूप याच पिढीने चाळिशीनंतर, हातात थोडा पैसा आल्यावर पाहिले, जेव्हा तिने नवी गाडी घेऊन तिची टाकी, सीट, हँडल आणि मडगार्ड बदलून घेतले. आणि नेमक्या याच काळात कॉइलमधला दोष मालकाच्या हातातून निसटून कारखान्याच्या यादीत जाऊन बसला.

या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण 19 मे 2021 चे आहे. तौक्ते चक्रीवादळाने मुंबईला झोडपून दोनच दिवस झाले होते आणि करोनाच्या निर्बंधांमुळे शहर अर्धे बंद होते, त्या दिवशी रॉयल एनफिल्डने क्लासिक, बुलेट आणि मिटिऑर या गाड्यांपैकी 2,36,966 गाड्या तपासणीसाठी परत बोलावत असल्याचे जाहीर केले. बाहेरच्या पुरवठादाराकडून डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात आलेल्या इग्निशन कॉइलच्या काही बॅचमध्ये दोष असल्याचे कंपनीच्या नियमित अंतर्गत चाचणीत आढळले होते. त्यातून मिसिंग होणे, गाडीची ताकद घटणे आणि क्वचित प्रसंगी शॉर्ट सर्किट होणे संभवत होते. प्रत्यक्षात दहा टक्क्यांहून कमी गाड्यांची कॉइल बदलावी लागेल असा कंपनीचा अंदाज होता. कोणती गाडी यात येते हे चेसिस नंबरवरून, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेल्या कायम ओळखीवरून, ठरणार होते.

कारखान्यातून निघाली तशीच राहिलेल्या गाडीसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे, पण बदललेल्या गाडीचा प्रश्न इथेच सुरू होतो. गाडी मोकळी, सुटसुटीत दिसावी म्हणून कारागीर तारांचा जुडगा, म्हणजे वायरिंगचा हार्नेस, कापून आखूड करतो, सांधे सोल्डर करून टेपने गुंडाळतो, आणि टाकीखालच्या सावलीत बसवलेली कॉइल कधी इंजिनाच्या धगीजवळ तर कधी पावसाच्या उघड्या माऱ्यात आणून लावतो. अशी गाडी जूनच्या पावसात चढावर मिसिंग करू लागली की दोष बॅचचा की सांध्याचा, हे कोणी आणि कसे ठरवायचे? मीटरने वेढ्यांचा रोध मोजून भागत नाही, कारण थंड कॉइल मीटरच्या किरकोळ दाबाला अचूक आकडा दाखवू शकते आणि तिचे इन्सुलेशन तापल्यावर, हजारो व्होल्टच्या माऱ्याखालीच दगा देते. म्हणून इंजिन पूर्ण तापवून, खात्रीची दुसरी कॉइल त्याच तारांवर लावून पाहणे हीच प्रामाणिक परीक्षा. दुसऱ्या कॉइलनेही मिसिंग थांबले नाही तर कारागिराने आपले सांधे उघडावेत. सर्व्हिस सेंटरने नुसते बदललेले हँडल पाहून गाडी परत पाठवणे हा मात्र अन्याय आहे, कारण वॉरंटी हा अटींचा करार असला तरी परत बोलावणे हे कारखान्यातच जन्मलेल्या दोषाचे उत्तरदायित्व आहे, आणि नव्या सीटमुळे तो दोष नाहीसा होत नाही.

कायद्यानेही बदललेल्या गाडीच्या मालकाला दोन दिशांना उभे केले आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या सुधारणेने आलेले 110-अ हे कलम सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. त्याआधी 2012 पासून वाहन उद्योगाची स्वेच्छेने पाळायची संहिता होती. त्याच 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कलम 52 चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध वाहनात बदल करता येत नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात एमएच 03 क्रमांकाने नोंदलेल्या गाडीचा मालक दोष दाखवायला गेला तर आपले बदल उघडे पडतील या भीतीने गप्प बसतो आणि सदोष कॉइल घेऊनच पवई-विक्रोळीच्या गर्दीत उतरतो. ही भीती रस्त्यावरच्या प्रत्येकाला धोक्याची आहे. तपासणीच्या रांगेत दंडाचा विचार येताच कामा नये.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र काढलेल्या कॉइलची आहे. गाडी बदलताना कारागीर मूळ कॉइल काढून जास्त ताकदीची दुसरी बसवतो, मूळची 'नवीच आहे' म्हणून कोपऱ्यात ठेवतो, आणि पुढे ती कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा थेट दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत जाते. पहिल्या गाडीचा चेसिस नंबर यादीत असतो, पण सदोष कॉइल तिच्यात नसते. दुसऱ्या गाडीत ती असते, पण तिचा नंबर कोणत्याच यादीत नसतो. म्हणून गाड्या बदलून देणाऱ्या प्रत्येक गॅरेजने काढलेल्या विद्युत भागावर मूळ गाडीचा चेसिस नंबर आणि तारीख चिकटवावी, तो भाग कोणाच्या गाडीत गेला ते वहीत लिहावे, आणि परत बोलावल्याची बातमी आली की आधी ती वही उघडून दुसऱ्या गाडीच्या मालकाला फोन करावा.