गोठलेल्या सरोवरावर
आमच्या वाशीमचें पद्मतीर्थ कधीं गोठत नाहीं. त्यामुळें मिनेसोटांतील नातवानें मिल लॅक्स सरोवरावर बर्फास भोंक पाडून मासे धरावयास जाणार असें कळवितांच घर हवालदिल झालें. घरांत मत्स्य वर्ज्य, हें बाजूसच राहिलें. ‘बर्फ मोडला तर?’ हा एकच प्रश्न.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड. त्याहून गार झालेलें वर राहतें व तेथेंच गोठतें. म्हणून तर तळाशीं मासे जगतात. गिरमिटानें भोंक पाडावयाचें आणि आखूड काठीचा गळ सोडून बसावयाचें. मनुष्यास चालावयास स्वच्छ बर्फ निदान ४ इंच हवा. पांढरा असल्यास दुप्पट. झऱ्याजवळ तो पातळच राहतो. गळ्यांत खिळे बसविलेल्या दोन मुठी अडकवितात. पाण्यांत पडलेल्यानें त्या बर्फांत रोवून सरपटत बाहेर यावयाचें. हें ऐकून घरच्यांचा धीर अधिकच खचला!

आम्ही विचारलें, “स्वतः मोजीत चाललास, कीं दुसऱ्याच्या पावलांवर विसंबलास?” उत्तर आलें, “जागोजाग मोजला. १४ इंच.” आमचें समाधान झालें; परंतु आमच्या कुटुंबानें विचारलें, “मार्चांतहि जाणार का?” प्रश्न मार्मिक होता. वसंतांतला बर्फ जाड दिसला तरी आंतून पोखरलेला असतो. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.